शरदातील पेयांचे मेज

आश्विन महिना लागला म्हणजे आदिलाबादच्या बाजारपेठेचे रूप पालटू लागते. भाद्रपदात आलेले नवे मूग व उडीद एव्हाना गोदामांत स्थिरावलेले असतात, सोयाबीनच्या गाड्या मोंढ्यात येऊ लागलेल्या असतात, आणि कापसाची पहिली वेचणी केव्हा हाती लागते याकडे साऱ्या व्यापारी वर्गाचे डोळे लागलेले असतात. हंगाम तोंडावर असतो, पण पुरता सुरू झालेला नसतो. याच पंधरवड्यात आपल्या मंडळींना एकमेकांकडे जाण्यास, चार घटका बसून बोलण्यास सवड मिळते. दिवाळी आली, वहीपूजन झाले आणि कापसाच्या गाड्यांची रांग लागली, म्हणजे ती सवड थेट फाल्गुनापर्यंत मिळत नाही. म्हणून आपल्या समाजातील स्नेहभेटीस शरद ऋतूइतका दुसरा योग्य काळ नाही.

अशा स्नेहभेटीत पेयांची व्यवस्था कशी असावी, आणि ती पाहुण्यांनी स्वतःच्या हाताने घ्यावी अशी मांडणी केल्यास काय साधते, याविषयी गेल्या काही वर्षांत आमच्या परिचयाच्या घरांनी मिळून जे करून पाहिले ते सभासद बंधुभगिनींसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय वरकरणी लहान आहे. परंतु ज्या समाजात कोण काय पितो, केव्हा पितो आणि कशात पितो यावर त्याचे व्रत अवलंबून असते, तेथे पेयाचा एक पेलाही लहान राहत नाही.

वेळ कोणती?

सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण यांच्या मधल्या वेळेस जे खाणे-पिणे होते त्यास पाश्चात्य देशांत ‘ब्रंच’ म्हणतात. गाय बेरिंगर नावाच्या एका इंग्रज लेखकाने १८९५ साली लिहिलेल्या लेखात या शब्दाचा पुरस्कार केला. रविवारी उशिरा उठणाऱ्यांची सोय, हा त्याचा एक मुद्दा होता. आपल्याकडे ही मधली वेळ सोयीची ठरते ती नेमक्या उलट कारणाने. आपली मंडळी उशिरा उठतात म्हणून नव्हे, तर पहाटे उठूनही तोंडात पाणी घालीत नाहीत म्हणून.

हिशेब सोपा आहे. आश्विनात आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास उगवतो. नवकारशीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे सातच्या सुमारास सुटते. पोरिसी करणाऱ्यांना एक प्रहर थांबावे लागते. या दिवसांत दिवस व रात्र जवळजवळ समान असल्याने प्रहर सुमारे तीन तासांचा भरतो, आणि पोरिसी सव्वानऊच्या आत-बाहेर येते. साडेनऊला मेज मांडले तर नवकारशीवाला, पोरिसीवाला आणि काहीच नियम नसलेला तरुण असे तिघेही एकाच वेळी एकाच मेजाशी उभे राहू शकतात. सकाळी आठला बोलावले तर पोरिसीवाले नुसते पाहत बसतात. दुपारी एकला बोलावले तर दुकानाची वेळ मोडते.

बाहेरगावच्या मंडळींचाही विचार आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. त्याही आधी, १९५६ साली हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशाची वाटणी झाली तेव्हा, किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. सरकारी रेषा बदलल्या तरी सोयरिकी व देणीघेणी बदलली नाहीत. निर्मलहून महामार्गाने अगर किनवटहून येणाऱ्या कुटुंबास साडेनऊ ही वेळ गाठता येते, आणि सूर्यास्तापूर्वी घरी परतून जेवणही करता येते.

कोजागरीचे दूध आणि ओळीचे पारणे

या मेजासाठी दिवस निवडावयाचा तर आमच्या मते आश्विन पौर्णिमेनंतरची सकाळ सर्वोत्तम. याची दोन कारणे आहेत.

पहिले असे की, आपण ज्या मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो, तेथे आश्विन पौर्णिमा म्हणजे कोजागरी. शेजारीपाजारी रात्री गच्चीवर जमतात, चंद्रप्रकाशात आटीव दूध ठेवतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास पितात. आपल्या घरांत रात्रिभोजन वर्ज्य. मुलांना शेजारच्या गच्चीवरचा आनंद दिसतो, पण त्यात भाग घेता येत नाही. त्यांना नुसता नकार देण्यापेक्षा तेच दूध दुसऱ्या दिवशी सकाळी, सर्व मित्रांना बोलावून, मोठ्या हौसेने द्यावे, ही तोड अनेक घरांनी पूर्वीच काढलेली आहे.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे. आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपदाची आयंबिल ओळी असते. नऊ दिवस दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण या सहा विगयांचा त्याग, दिवसातून एकदाच बसून रुक्ष धान्याचे भोजन आणि वर फक्त उकळलेले पाणी. या तपस्व्यांचे पारणे पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येते. अर्थात त्या सकाळी घरोघरी पेये करावीच लागतात. दहा घरांत दहा चुली पेटविण्याऐवजी एका ठिकाणी नीट व्यवस्था झाली, तर श्रमही वाचतात आणि तपाची अनुमोदनाही सर्वांच्या समक्ष होते.

वाढप्याविना का?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपल्या समाजात पाहुण्यास हाताने वाढण्याची, आग्रह करकरून खाऊ घालण्याची रीत आहे. मारवाडी बोलीत तिला मनुहार म्हणतात. ‘पाहुण्याने स्वतः उठून घ्यावे, हे आतिथ्य की अनाथालय?’ असा रोकडा सवाल एका वयोवृद्ध सभासदांनी आमच्यासमोर केला होता. सवाल रास्त आहे आणि त्यास उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट, आग्रहाची रीत ज्या काळात रुजली त्या काळी घरी गोडधोड क्वचित होत असे आणि माणसे दिवसभर राबत असत. आज आपल्यापैकी कित्येकांना मधुमेह आहे, कित्येकांच्या हृदयावर उपचार झालेले आहेत. यजमानाने प्रेमाने पेला पुढे केला म्हणजे चारचौघांत ‘मला साखर वर्ज्य आहे’ असे सांगणे संकोचाचे होते. माणूस मुकाट्याने पितो आणि घरी जाऊन औषधाची गोळी घेतो.

दुसरी गोष्ट, वाढणारे हात कोणाचे असतात हेही पाहिले पाहिजे. घरच्या सुना व मुली सकाळपासून स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यात फेऱ्या घालतात. पुरुषमंडळींचे दोनदा पिऊन होते, बाजारभावाच्या गप्पा रंगतात, आणि ज्यांनी दूध आटविले त्यांच्या वाट्याला ते शेवटी, थंड झाल्यावर येते. स्नेहसंमेलन म्हणावयाचे आणि अर्ध्या कुटुंबाने ते दाराआडून पाहावयाचे, हे न्यायाचे नाही.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत खुपत असे. नियमाने राहणारी वृद्ध मंडळी अशा संमेलनांस येत, नमस्कार-चमत्कार करीत, आणि पाण्याचा थेंबही न घेता परत जात. भरलेल्या पेल्यात आले आहे की सुंठ, पाणी केव्हा उकळले आहे, मसाल्याच्या पुडीत अंजीर वाटले आहे काय, हे त्यांना ठाऊक नसे. वाढणाऱ्या पोरास विचारावे तर त्यालाही ठाऊक नसे. हळूहळू त्यांनी येणेच सोडले. ज्या संमेलनातून समाजातील सर्वांत व्रतस्थ माणसेच गळतात, ते संमेलन कितीही थाटाचे झाले तरी आमच्या मते उणेच आहे.

या तिन्ही अडचणींवरचा उपाय एकच. मूळ पेय साधे ठेवावे, वरून घालावयाच्या वस्तू वेगळ्या ठेवाव्यात, प्रत्येक भांड्यापुढे त्यात काय आहे याची चिठ्ठी लावावी, आणि ज्याचे त्याने आपल्या नियमाप्रमाणे व प्रकृतीप्रमाणे घ्यावे. आम्ही धान्याचे व्यापारी आहोत. ज्या पोत्यावर खूण नाही त्यात परखी घातल्याशिवाय गिऱ्हाईक भाव बोलत नाही, हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो. पाहुण्याने तरी अनोळखी पेल्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. तपस्व्यांचे पारणे स्वहस्ते होऊ नये. त्यांना पाटावर अगर खुर्चीवर बसवून, घरातील माणसांनी आदराने पाजावे. तो लाभ यजमानाचा आहे. तसेच ज्यांना उभे राहणे जड जाते अशा वृद्धांसाठी मेजाशेजारी खुर्च्या मांडून एखाद्या नातवास त्यांच्या दिमतीस ठेवावे. स्वतः घेण्याची मुभा असावी, सक्ती नसावी.

पाणी प्रथम

आम्ही मॅट्रिकपुढे शिकलेलो नाही आणि वैद्य तर नाहीच. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे, ती आपल्या जुन्या मंडळींना परिचित आहे. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदातील कडक उन्हाने उसळते, म्हणून या ऋतूत मधुर, कडवट, हलके व थंड गुणाचे अन्नपान घ्यावे, असा तेथे उपदेश आहे. दिवसा सूर्याने तापलेल्या, रात्री चंद्राने निवविलेल्या आणि अगस्त्याच्या उदयाने निर्दोष झालेल्या शरदातील पाण्यास तेथे ‘हंसोदक’ असे सुंदर नाव दिले आहे. याच ऋतूत दही वर्ज्य करावे, असेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. त्याचा उपयोग पुढे येईल.

आपल्या मेजावर पहिला मान पक्क्या पाण्याचा. दुहेरी कापडाने गाळलेले पाणी तीन उकळ्या येईपर्यंत तापवावे आणि रुंद पातेल्यांत, जाळीदार झाकणाखाली निववावे. चातुर्मासात उकळलेल्या पाण्याची मुदत तीन प्रहरांची. हिवाळ्यात ती चार व उन्हाळ्यात पाच प्रहरांची असते. आश्विनात चातुर्मास चालूच असल्याने सकाळी सहाला उकळलेले पाणी दुपारी तीनच्या सुमारापर्यंतच चालेल. म्हणून आदल्या रात्री उकळून ठेवण्याचा आळस करू नये, आणि उकळल्याची वेळ चिठ्ठीवर लिहावी. ही एक ओळ लिहिल्याने जे वृद्ध पूर्वी न पिता परत जात, ते आता निःशंकपणे पाणी घेतात, असा आमचा अनुभव आहे.

बर्फ नको. बावीस अभक्ष्यांत त्याची गणना आहेच, आणि शरदाच्या सकाळी त्याची गरजही नसते. तेलंगणात आदिलाबादची थंडी आधी येते. आश्विनाच्या अखेरीस पहाटे गारवा जाणवू लागतो. मातीच्या माठास ओले फडके गुंडाळून तो वाऱ्याच्या वाटेवर ठेवला की पाणी पुरेसे थंड होते.

पेये कोणती करावीत?

पाच पेये पुष्कळ झाली. दहा प्रकार मांडले म्हणजे प्रत्येक जण दहाही चाखून पाहतो आणि निम्मे पेले अर्धे राहतात.

पहिले दूध. ते नीट तापवून आठवा हिस्सा आटेपर्यंत मंद आचेवर ठेवावे. अर्ध्या भागात खडीसाखर घालावी, अर्धा भाग अगोड ठेवावा. केशर थोड्या कोमट दुधात भिजवून वाटीत, वेलची-जायफळाची पूड दुसऱ्या वाटीत, आणि त्याच सकाळी फोडून कुटलेले बदाम, पिस्ते व चारोळी तिसऱ्या वाटीत ठेवावी. काही घरांत चातुर्मासात सुका मेवा बंद असतो. तो दुधातच मिसळला तर त्या घरांना दूधही बंद होते. वेगळा ठेवला तर कोणाचेच अडत नाही. अंजीर अर्थातच नाही. आपल्या भागातील चारोळी मुद्दाम घ्यावी. तेलुगूत तिला सारपप्पू म्हणतात. येथल्या रानातून आदिवासी बांधव ती गोळा करून आणतात.

दुसरे मुगाचे पाणी. हे पारण्याचे खरे पेय. नऊ दिवस रुक्ष अन्नावर राहिलेल्या पोटास एकदम आटीव दूध सोसत नाही. कोमट मुगाचे पाणी सोसते. एक किलो अख्ख्या मुगास दहा-बारा लिटर पाणी घालून तासभर शिजवावे, पाणी गाळून घ्यावे, त्यात सैंधव, मिऱ्याची पूड व इच्छा असल्यास चमचाभर तूप घालावे. मूग रात्रभर भिजत ठेवू नयेत. मोड आलेले धान्य आपल्यास वर्ज्य. येथे धंद्यातील एक गोष्ट सांगून ठेवतो. भाद्रपदात आलेले नवे मूग दिसावयास हिरवेगार असतात, पण त्यांत ओल असते. आठ दिवस ऊन दाखवून मगच ते साठवावेत. ज्या मालात गणंग दाण्यांचे प्रमाण जास्त तो मूग कितीही शिजविला तरी पाण्यास अंग येत नाही. मूठभर मूग आधी घरी शिजवून पाहावेत आणि मग पोते घ्यावे. गाळून उरलेले मूग दुपारच्या उसळीस वापरावेत, म्हणजे काहीच वाया जात नाही.

तिसरे धने, जिरे व बडीशेपेचे सरबत. हे शरदाचे पित्त शमविणारे घरगुती पेय. दहा लिटर पाण्यास धने व बडीशेप प्रत्येकी १०० ग्रॅम आणि जिरे २५ ग्रॅम जाडसर कुटून दहा मिनिटे उकळावे, गाळावे, निववावे. अर्ध्या किलो खडीसाखरेचा पाक करून तो वेगळ्या तोटीच्या भांड्यात ठेवावा. ज्यास गोड हवे त्याने तो घालून घ्यावा. पुदिना व कोथिंबीर यांचा मोह टाळावा, कारण चातुर्मासात पाला न खाणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत.

चौथे आंबट पेय. अधिक मास आलेल्या वर्षी पौर्णिमा ऑक्टोबरच्या अखेरीस जाते. तेव्हा लाल अंबाडीची बोंडे मिळू लागली असतील तर त्यांचे सरबत करावे. अंबाडी ही आपल्या भागाची ओळख आहे. तेलुगू शेजारी तिला गोंगुरा म्हणतात व तिच्या पाल्याची चटणी करतात, मराठी घरांत भाजी होते. बोंडाच्या मांसल लाल पाकळ्या एकेक सोडवून, किडा नाही हे पाहून, किलोभर पाकळ्या दहा लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळाव्यात व गूळ घालावा. रंग माणकासारखा येतो, वेगळा रंग घालावा लागत नाही. पौर्णिमा लवकर आली, अगर बोंडे मिळाली नाहीत, तर लिंबाचे सरबत करावे. कोकणातून आणविलेली आमसुलेही चालतात.

पाचवे उकाळा. सुंठ, मिरी, लवंग व दालचिनी यांचा गूळ घातलेला गरम काढा. ओले आले कंदमुळात येते, सुंठ चालते. ज्यांना चहावाचून सकाळ होत नाही त्यांच्यासाठी सुंठेचा चहा याच्याच शेजारी ठेवावा. चहा ठेवू नये असा आग्रह एका वर्षी झाला होता. परिणाम इतकाच झाला की दहा-बारा माणसे उठून कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेली आणि तेथे त्यांनी आल्याचा चहा घेतला.

काय ठेवू नये

ताक व मठ्ठा मेजावर नसावा. यामागचे कारण आम्हां डाळींच्या व्यापाऱ्यांना तरी विसरून चालणार नाही. न तापविलेले दही-ताक आणि कडधान्य एकत्र आले की द्विदल होते. सोबतच्या फराळात ढोकळा, फाफडा अगर मुगाची भजी असतातच. वाढपी असेल तर तो दोन्ही गोष्टी वेगळ्या वेळी देऊ शकतो. जेथे ज्याचा त्याने हात घालावयाचा, तेथे एका हातात ढोकळा व दुसऱ्या हातात मठ्ठा घेतलेले लहान मूल कोण अडविणार? शरदात दही टाळावे हे वैद्यकही सांगते. तेव्हा एका निर्णयात दोन्ही गोष्टी साधतात. पीयूषासारखी दह्याची पेयेही याच न्यायाने दुसऱ्या प्रसंगासाठी राखून ठेवावीत.

मध नको. घटक ठाऊक नसलेली तयार सरबते व बाटल्या नकोत. आणि प्लास्टिकचे पेले तर नकोतच. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर देशभर कायद्याने बंदी आहे.

मांडणी

मेज भिंतीस लावू नये. दोन्ही बाजूंनी माणसे फिरू शकतील असे ते मध्ये ठेवावे, म्हणजे रांग तुंबत नाही. पाणी दोन्ही टोकांस असावे, कारण सर्वांत जास्त मागणी त्याचीच. गरम पेयांची भांडी वेगळ्या मेजावर, मुलांच्या हाताबाहेर ठेवावीत. प्रत्येक भांड्यास झाकण व तोटी असावी. उघड्या पातेल्यात ज्याने त्याने पळी घालण्याची पद्धत बंद करावी. एकाची पळी दुसऱ्यात गेली की सारी व्यवस्था फुकट. वाट्यांतील चमचे लहान असावेत आणि त्या त्या वाटीस दोऱ्याने बांधावेत. हसण्यासारखी गोष्ट वाटेल, पण बांधलेला चमचा भटकत नाही.

प्रत्येक भांड्यापुढील चिठ्ठीवर चार गोष्टी असाव्यात: पेयाचे नाव, घातलेले सर्व पदार्थ, गोड की अगोड, आणि तयार केल्याची वेळ. चिठ्ठी मराठी, तेलुगू व हिंदी अशा तिन्ही भाषांत लिहावी. आपल्या घरांत आजी मराठी वाचते, नातू तेलुगू वाचतो आणि राजस्थानातून नुकतीच आलेली सून हिंदी वाचते. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींवर सोपवावे. आपण काय पितो आणि का पितो, हे एरवी उपदेशाने त्यांच्या गळी उतरत नाही. चिठ्ठ्या लिहिताना ती स्वतःच विचारू लागतात.

पेले स्टीलचे आणि लहान, सुमारे १२० मिलिलिटरचे असावेत. पेला लहान असला की टाकून देणे होत नाही, आणि आवडले तर पुन्हा घेता येते. उष्टे टाकू नये, पेला धुऊन ते पाणी पिऊन टाकावे, ही आपली जुनी रीत. तिच्यासाठी मेजाच्या शेवटी पक्क्या पाण्याची एक झारी स्वतंत्र ठेवावी. आरंभी तरुण मंडळी संकोचतात. घरातील वडील माणसाने सर्वांदेखत आपला पेला असा धुऊन प्याला, की संकोच जातो.

दीडशे माणसांसाठी आमचा अंदाज असा: पक्के पाणी ४० लिटर, दूध १५ लिटर, धने-बडीशेपेचे सरबत १५ लिटर, अंबाडी अगर लिंबाचे सरबत १० लिटर, मुगाचे पाणी १० लिटर, उकाळा व चहा मिळून १२ लिटर. माणशी तीन-चार लहान पेले आणि वर पाणी, असा हा हिशेब आहे. सर्व माल एकदम मेजावर मांडू नये. निम्मा आत ठेवावा आणि लागेल तसा आणावा. जे आत उरते ते वेळेत वाटून देता येते. मेजावर तासभर राहिलेले कोणी मागत नाही.

वाढपी नसला तरी मेजापाशी एक जाणता माणूस मात्र हवाच. त्याने ओतून द्यावयाचे नाही. विचारले तर सांगावयाचे, रिकामे भांडे आत पाठवावयाचे, आणि नवख्या पाहुण्याचे स्वागत करावयाचे. हे काम अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलावे आणि त्यात पुरुषांनी आपली पाळी चुकवू नये. पेले धुण्याचे कामही तसेच. आतिथ्य कमी झाले असे ज्यांना वाटते त्यांनी त्या मेजापाशी अर्धा तास उभे राहून पाहावे. पाहुण्याशी बोलावयास वाढप्याला कधीच सवड नसते. या माणसाला ती असते.

उपसंहार

पाहुण्याने आपणच निवडून घ्यावे, ही कल्पना सर्वस्वी परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. स्वीडनमध्ये पदार्थ मेजावर मांडून पाहुण्यास मोकळीक देण्याची प्रथा जुनी आहे, हे खरे. पण आपल्या वाडवडिलांनी रस्त्यांवर ज्या पाणपोया घातल्या, त्यांत तरी वेगळे काय होते? रांजण भरून ठेवावयाचा, पाणी गाळलेले आहे याची खात्री आपण घ्यावयाची, आणि तहानलेल्याने कोणासही न विचारता प्यावयाचे. तीच रीत पाच भांड्यांपर्यंत वाढविली, एवढेच.

गेल्या वर्षी या मेजापाशी दोन गोष्टी आम्ही पाहिल्या. पौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी तपस्व्यांचे पारणे साडेदहापर्यंत आटोपले आणि अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात कोणीही नव्हते. साऱ्या सुना-मुली बाहेर, पेला हातात घेऊन, सर्वांत मिसळून बसल्या होत्या. आणि जी वृद्ध मंडळी पूर्वी नमस्कार करून परतत, त्यांपैकी चौघे जण चिठ्ठ्या वाचीत, एकमेकांस वाचून दाखवीत, दुपारपर्यंत थांबले. त्यांच्याकडून जुन्या पेठेच्या, बैलगाड्यांच्या रांगांच्या आणि निजामी नाण्याच्या दिवसांच्या ज्या गोष्टी मुलांनी ऐकल्या, त्या एरवी त्यांच्या कानी पडल्या नसत्या.

विस्तार बराच झाला. येत्या आश्विनात ज्या गावच्या मंडळींना असे मेज मांडावयाचे असेल त्यांनी सप्तमीपूर्वी, म्हणजे ओळी सुरू होण्याआधीच, एकत्र बसून पाणी कोण उकळणार, दूध कोण आटविणार, चिठ्ठ्या कोण लिहिणार आणि पेले कोण धुणार, एवढ्या चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. मूग निवडून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू. सर्व सभासद कुटुंबांस हा हंगाम बरकतीचा व आरोग्याचा जावो, ही सदिच्छा. जय जिनेन्द्र!